झालरीची खरखर

मी एक जुना रेडिओ आहे, मित्रांनो, आणि जुनी माणसं असतात तसा थोडा मानी आहे. माझी पेटी लाकडाची, तोंडावर कापडाची जाळी. वाल्मीक आजोबांना दिल्लीत सरकारी नोकरी लागली, तेव्हा नागपूरहून त्यांनी मला मांडीवर घेऊन आणलं. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये माझ्या बातम्यांशिवाय सकाळ उजाडत नसे. मग टीव्ही आला, मोबाइल आले आणि मी कपाटावर धूळ खात बसलो. आजोबांची नजर गेली, तेव्हा त्यांनी मला पुन्हा उशाशी मागून घेतलं. दुसऱ्याच्या दुःखात आपलं भलं व्हावं हे काही बरं नव्हे, पण मला आनंद झाला होता.

आजोबांनी नात लुंबिनीला मंगलगाथा शिकवली. शेवटच्या कडव्यात तिचा श्वास हमखास तुटायचा. या बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी ती तीच गाथा रेडिओवर गाणार होती, तेही थेट. श्वास टिकला की नाही ते आपण घरूनच ऐकून सांगू, असं आजोबांनी तिला बजावून ठेवलं होतं.

लुंबिनीचा बाप विनय भारी हौशी. करोल बागेतल्या फुटपाथवरून त्याने दिव्यांची झालर आणली. तिच्या अडॅप्टरवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना कसली खूण. विकणारा म्हणाला, सब चलता है, आणि यानेही मान डोलावली. आता हसावं की रडावं? विजेच्या वस्तू चालू असताना त्यांच्यातून अदृश्य खरखर बाहेर पडते आणि जवळच्या रेडिओच्या आवाजात घुसते. घरात वापरायच्या वस्तूने ती किती सोडायची याला मर्यादा असते, आणि त्याच मर्यादांच्या फायली विनय ऑफिसात दिवसभर वाचतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

संध्याकाळी गॅलरीत झालर लागली आणि कोणीतरी माझा गळाच दाबला. निवेदिकेने लुंबिनीचं नाव घेतलं, ते मला निम्मंच सांगता आलं. पुढे नुसती खरखर. विनयने माझी बटणं पिळली, मला उचलून खिडकीत नेलं, म्हणजे झालरीच्या आणखी जवळ. सूनबाई रुचिताने मोबाइलवर लावून पाहिलं, तर तिथे नुसतंच चक्र फिरत राहिलं. अरे, मी नाही, तो अडॅप्टर, असं मला ओरडायचं होतं. पण माझ्या तोंडी कायम दुसऱ्यांचे शब्द, स्वतःचा एकही नाही.

"बाबा, हा बिल्कुल गेलाय. उद्या कबाड्याला देऊन टाकतो," विनय म्हणाला.

तिकडे आमची पोर गात होती आणि तिची एकेक ओळ माझ्यापाशी येऊन मरत होती. मला फार भीती वाटली. भंगाराची नव्हे, आजोबांच्या चेहऱ्याची.

आजोबांनी हात वर केला. "विनय, झालर कधी लावलीस?"

"आत्ताच. का?"

"तेव्हापासूनच आहे हे. मला तुझे दिवे दिसत नाहीत रे, ऐकू येतात."

विनयचा चेहरा उतरला. फायलीतली ओळ त्याला स्वतःच्या घरात सापडली होती. धावत जाऊन त्याने अडॅप्टर ओढून काढला. गॅलरीत काळोख झाला आणि माझ्या गळ्यातून लुंबिनी आली, अगदी स्वच्छ. शेवटचं कडवं सुरू झालं होतं. श्वास तुटायची जागा आली आणि गेली.

"टिकला," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

घरी आल्यावर लुंबिनीने विचारलं, सुरुवात कशी झाली? विनयने तो अडॅप्टर तिच्यापुढे ठेवला.

म्हणून सांगतो, मित्रांनो, विजेची वस्तू घेताना ती कोणी बनवली, नियमात बसते का, हे विचारायला लाजू नका. आणि घरातलं जुनं यंत्र अचानक बिघडलं, तर त्याला भंगारात काढण्याआधी शेजारी नवीन काय आलंय ते बघा. मी अजून आजोबांच्या उशाशी आहे. त्या दिवशीची पहिली कडवी ते लुंबिनीकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतात. तीही हसून म्हणते. पण त्या संध्याकाळी तिने ती कडवी कशी गायली होती, ते आता मलाही सांगता येणार नाही.