एकेचाळीस सकाळींचं धुकं

"सर, उन्हाळ्याचा अंदाज लिहिताना तुम्ही कधी खिडकीतून बाहेर डोकावून बघता का?"

प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर मागे टाकत प्रश्न हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मागच्या रांगेत कुणीतरी खुर्चीखाली तोंड लपवून खिदळलं. ती वर्गमैत्रीण, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. पैज तिनेच लावली होती: सगळ्या गावासमोर हा प्रश्न विचारलास, तर परीक्षेपर्यंत तुझं दप्तर मी उचलणार.

प्रश्न विचारणारीला मैत्रिणी 'भोंगा' म्हणत. मागच्या वर्षापर्यंत तिला 'म्यूट' म्हणत असत. हजेरीला ती "हजर" म्हणायची ते फक्त तिच्या शेजारणीला ऐकू जायचं. मग कुणी आजारी पडलं म्हणून तिला वादविवाद स्पर्धेत ढकललं, ती चुकून जिंकली, आणि तेव्हापासून जे तोंड उघडलं ते मिटायचं नाव घेईना. आता वर्गात बाईंनी अजून प्रश्न पुरा विचारलेला नसे आणि भोंग्याचं उत्तर देऊन झालेलं असे. बरोबर की चूक हा भाग वेगळा.

दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हवामान कार्यालयाचे साहेब डोंगराळ भागातल्या गावोगावी यायचे आणि पुढचे तीन महिने कसे जातील ते सांगायचे. पडद्यावर नकाशा होता. नकाशावर सगळे डोंगर नारिंगी, म्हणजे नेहमीपेक्षा गरम आणि कोरडे. फक्त या गावच्या उत्तर उतारावर एक निळा ठिपका होता. थंड, दमट, धुकट. उन्हाळा निम्मा सरेपर्यंत वरच्या कुरणावर फुलं येणं कठीण, असं साहेब म्हणाले होते. आणि इकडे हॉलबाहेर लोक गॉगल लावून फिरत होते.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चांगला माणूस होता, रागावला नाही.

"बघतो की," ते म्हणाले. "माझ्या खिडकीतून पार्किंग दिसतं आणि एक भिंत. म्हणून तर आम्ही दुसऱ्यांच्या डोळ्यांनी बघतो. मोठा अंदाज वरून येतो, पण कुठल्या उतारावर काय होईल ते ठरवायला तिथल्या रोजच्या नोंदी लागतात. तुमच्या कुरणाला सगळ्यात जवळची हवामान-नोंदींची पेटी तुमच्या शाळेची. तिथे कोणी विद्यार्थिनी रोज सकाळी आठला थर्मामीटर वाचते. एक दिवस खाडा नाही! आज आली आहे का ती?"

विज्ञानाच्या बाई अर्धवट उठून म्हणाल्या, "सर, हीच ती. जिनं प्रश्न विचारला."

हॉलमध्ये हशा पिकला, मग टाळ्या पडल्या. आता एखाद्या शहाण्या मुलीनं लाजून खाली बसावं की नाही? भोंग्यानं डावीकडे वाकून नमस्कार केला, उजवीकडे केला आणि गोलकीपरसाठी एक खास मागच्या बाजूला केला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या आईनं कपाळावर हात मारला. बाबा मात्र एवढे फुलले होते की शर्टाचं बटण तुटतंय की काय असं वाटावं.

"हे बघा तिचं काम," म्हणत साहेबांनी पुढचं चित्र लावलं.

दोन रेषा होत्या. एक कोरड्या थर्मामीटरची, एक ओल्याची. पेटीत दोन्ही शेजारी शेजारी टांगलेले असतात. ओल्याच्या टोकाला मलमलीचं भिजवलेलं फडकं गुंडाळलेलं असतं, त्यामुळे तो नेहमी कमी आकडा दाखवतो. दोघांतलं अंतर जितकं जास्त तितकी हवा कोरडी. अंतरच नसेल तर हवेत मावेल तेवढं पाणी मावलेलं, म्हणजे दाट धुकं.

"इथपर्यंत बघा, नेहमीसारखं," साहेब काठीनं दाखवत म्हणाले. "आणि या तारखेपासून दोन्ही रेषा एकमेकींना चिकटल्या त्या चिकटल्याच. एकेचाळीस सकाळी! माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत असलं धुकं पाहिलं नाही मी."

भोंग्यानं ती तारीख वाचली आणि ती गपकन खाली बसली.

त्या तारखेला शाळेच्या धावण्याच्या संघाचा सराव सुरू झाला होता. रोज सकाळी सात वाजता, दवानं थबथबलेल्या मैदानावर. पाच फेऱ्यांत मोजे पिळून काढावे लागत. आणि मैदानाच्या कडेला ती पेटी होती: पांढरी, झडपांची, चारी बाजूंनी वारा खेळणारी, किल्ली भोंग्याच्याच गळ्यात. मोजे वाळवायला याहून छान कपाट कुठे मिळणार? एक मोजा ती आडव्या दांडीवर टाकायची. दुसऱ्याला जागा नव्हती, म्हणून तो कोरड्या थर्मामीटरवर. एका थर्मामीटरला सरकारनंच ओलं फडकं बांधलंय, मग दुसऱ्याला आपण मोजा घातला तर काय बिघडलं, असा काहीसा विचार तिनं केला होता. विचार केला होता म्हणणंही जरा जास्तच झालं. आठ वाजता मोजा उचलायचा, आकडा वाचायचा, मोजा परत ठेवायचा. दोन्ही आकडे सारखेच यायला लागले तेव्हा तिला बरंच वाटलं. लक्षात ठेवायला सोपं!

नकाशावरचा तो निळा ठिपका आता तिला अगदी पावलाच्या आकाराचा दिसायला लागला.

"काय गं, तोंड का पडलं तुझं?" चहाला थांबलेल्या गर्दीतून बाहेर पडताना गोलकीपरनं तिचं दप्तर खांद्यावर टाकत विचारलं. "हिरोईन झालीस की! बरं, तलावावर जायची बॅग भरलीस का? पोहायचं शिबिर आठ दिवसांवर आलंय."

"दे ते दप्तर इकडे," भोंगा म्हणाली.

"का? पैज जिंकलीस ना?"

"दे म्हटलं ना."

घरी पोचेपर्यंत ती दप्तर छातीशी धरून चालली. आईनं दोनदा तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. स्वयंपाकघरात बाबांनी खुर्चीवर बसायच्या आधीच फोन काढला.

त्यांच्या घरी मधमाश्यांच्या साठ पेट्या होत्या. खालच्या दरीतला फुलोरा संपत आला की त्या ट्रकवर चढवून वरच्या कुरणावर न्यायच्या, हा दर वर्षीचा नेम. लवकर नेल्या आणि वर थंडी असली तर माश्या गारठतात, उशिरा नेल्या तर खाली उपाशी मरतात. दोन वर्षांपूर्वी बाबांनी अंदाज धुडकावून, "मला माझा डोंगर कळतो," म्हणत पेट्या लवकर नेल्या होत्या. अकरा पेट्या गेल्या. तेव्हापासून त्यांच्या लेखी साहेबांचा नकाशा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"ट्रकवाल्याला सांगतो, सोमवारचा बेत रद्द," बाबा म्हणाले. "पेट्या महिनाभर खालीच राहू देत."

"अहो, पण खाली फुलं कुठे उरलीत?" आई म्हणाली. "बाहेर ऊन बघा की जरा."

"ऊन बघून मागं काय झालं ते विसरलीस का? आणि या वेळी तर आपल्या लेकीच्या नोंदी आहेत. एक दिवस खाडा नाही म्हणाले साहेब, ऐकलंस ना?" त्यांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की तिला टेबलाखाली शिरावंसं वाटलं. "घरचाच माणूस हवामान खात्यात असल्यावर आता कशाची चिंता?"

फोनची रिंग जायला लागली. एकदा. दोनदा.

"बाबा, फोन ठेवा," ती म्हणाली. पण आवाज कुठे निघाला? मागच्या वर्षीचं 'हजर' बरं म्हणायचं. नको तिथे वाजणारा भोंगा नेमका हवा तेव्हा बंद पडला होता. पलीकडून ट्रकवाल्याचा "हॅलो, बोला!" ऐकू आला तशी तिनं सरळ हात पुढे करून फोन बंद केला.

"अगं!" बाबा ओरडले.

"ते धुकं नव्हतं. माझे मोजे होते."

"काय होते?"

मग तिनं सगळं सांगितलं. सराव, दव, दांडी, मोजा. सांगताना तिला स्वतःलाच ते इतकं बावळट वाटलं की मधे तिला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. आई कधीपासून हसू दाबत होती, तिनं पदर तोंडावर धरला. "बावीस वर्षांच्या नोकरीत," ती कसंबसं म्हणाली, "असलं धुकं..." आणि ओट्याला टेकून हसत सुटली.

बाबा हसले नाहीत. ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"म्हणजे वरचं कुरण नारिंगी," ते हळूच म्हणाले. "बाकी डोंगरांसारखंच."

"असेल. मला माहीत नाही. ते साहेब सांगतील, खरे आकडे मिळाले की."

"सोमवारपर्यंत?"

"विचारते."

"कोण विचारणार? सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्यात तुला. त्याच गावाला सांगणार, की..."

ती उठली. पायात बूट घातले, मोज्यांशिवायच. आवाज परत आला होता. जरा जास्तच परत आला होता.

"आई, बाबा, मी ठरवलंय. पोहायच्या शिबिराला मी जाणार नाही. अख्खी सुट्टी रोज आठला मी पेटीपाशी असणार, आणि पेटीत थर्मामीटरशिवाय काही नसणार. आणि आत्ता मी हॉलवर चाललेय, साहेबांनी प्रोजेक्टर गुंडाळायच्या आत. बरोबर यायचं असेल तर या दोघं. पण बोलणार मी, आणि प्रश्न विचारला होता ना, तेवढ्याच मोठ्यानं."