मुळाशी घातलेलं खत

माझी सून वीत्स्के सासूचं सगळं ऐकून घेते आणि करते स्वतःच्याच मनाचं. माझा नवरा हार्म गेल्यावर त्याच्या माशांच्या टाकीतलं जुनं रोप पिवळं पडलं. हिने चिमट्याने खताच्या गोळ्या त्याच्या मुळाशी रेतीत खोचल्या. आठवड्यात सगळी पानं विरघळली.

"हार्मची तेवढीच खूण उरली होती, तीही घालवलीस."

"आई, मुळं जिवंत आहेत. फक्त उपटू नका."

आमच्याकडे कॉफीबरोबर प्रत्येकाला एकच बिस्कीट मिळतं; रागाने मी तिचं तेही बंद केलं.

आज सकाळी बघते तर रेतीतून तांबूस कोंबांचा नुसता गुच्छ वर आलेला. मी तिला हाक मारली.

"हार्मच्या हातून असं कधी फुटलं नाही. टाकी आजपासून तुझी. बस, कॉफी घे. आज बिस्किटं दोन."