सरळसोट बांध

धाकटीला सकाळपासून कशात म्हणून चैन नव्हतं. ओट्यावरून आत, आतून परत ओट्यावर. दुपारी मृदा अधिकारी बांध तपासायला येणार होते. उताराला आडवे, जमीन वळेल तसे वळणारे बांध घातले तरच सरकार अनुदान देणार होतं. अनुदान गेलं खड्ड्यात, पण बांध चुकला तर उरलीसुरली मातीही वाहून जाणार होती. वरच्या पट्ट्यात आधीच खडक उघडा पडलेला.

आणि बांध चुकलाच होता. तोही कोणी चुकवावा? थोरल्या दिरांनी! त्यांच्या नांगराची रेघ पाहायला लांबून माणसं यायची. अधिकाऱ्यांनी चुन्याने आखलेल्या वेड्यावाकड्या रेषा पाहून त्यांना राहवेना. भाऊ-भावजय परगावी गेलेले पाहून त्यांनी दोरी ताणली, मजूर लावले आणि बांध सरळसोट घालून दिला. वर शाबासकीची वाट बघत उभे!

दादांपुढे नवऱ्याचं तोंड कधी उघडलंय?

शेवटी धाकटीनेच पाइप ओढत नेला आणि बांधाच्या वरच्या अंगाला पाणी सोडलं.

“दादा, जरा इकडे येता का?”

पाणी बांधाला टेकलं, पण थांबलं नाही. बांधालगत वाहत मधल्या खोलगट जागेत साचलं. बघता बघता तिथे बांध फुटला आणि गढूळ लोंढा खाली निघाला. थोरले बघतच राहिले. त्यांना चार शब्द सुनवायचे असं तिने ठरवलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून तिलाच भरून आलं.

“तुम्ही चांगल्यासाठीच केलंत, दादा,” ती म्हणाली.

तेवढ्यात अधिकारी येऊन ठेपले. फुटलेला बांध पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“रेषा सोडून हे कोणी केलं?”

“मी,” नवरा म्हणाला.

“हा?” थोरले म्हणाले. “याला जन्मात सरळ रेघ मारता आली नाही, साहेब. मी केलं.”

अधिकाऱ्यांनी मान हलवली. “आज मंजूर करता येणार नाही. हा मोडा, नवा घाला, मग परत बघतो.”

थोरल्यांनी फावडं उचललं आणि आपल्याच बांधावर घातलं.

“द्या इकडे, दादा,” म्हणत नवरा पुढे झाला. थोरल्यांनी फावडं सोडलं नाही.

“तू वाकडी रेघ आख,” ते म्हणाले. “मला नाही जमायची.”