धाकटीचा निवांतपणा

धाकटी रोज दुपारी एकच्या ठोक्याला जेवायला बसायची, आणि ते थोरलीला बघवत नसे.

दोघी सख्ख्या जावा. थोरलीचा शिवणाचा कारखाना रस्त्याच्या या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. तिथं हॉस्पिटलांचे गणवेश शिवले जायचे, नर्सचे, वॉर्डातल्या लोकांचे, डॉक्टरांचे पांढरे कोट. धाकटी तीन वर्षं तिच्याच हाताखाली शिकली. मग समोरच्या इमारतीत, रंगांच्या दुकानावरचा दुसरा मजला घेऊन तिनं स्वतःचं काम सुरू केलं. "ताई, मी तुमच्या वाटेत येणार नाही. मी आपली चादरी आणि पडदे शिवीन," असं ती तेव्हा म्हणाली होती, आणि शब्द पाळलाही. गणवेशाचं काम तिच्याकडे दोनदा चालून आलं, दोन्ही वेळा तिनं ते समोर पाठवून दिलं. त्यामुळे थोरलीला उघडपणे रागवायची सोयही उरली नव्हती.

थोरलीच्या टेबलावरून समोरची खिडकी सरळ दिसायची. धाकटी डबा उघडायची, फोन खणात टाकायची आणि सावकाश, चावून चावून जेवायची, जणू कुणाकडे पाहुणी आली आहे. इकडे थोरली उभ्या उभ्या दोन घास गिळायची, तेही फोन कानाला लावून. आठ वर्षं झाली होती कारखान्याला, पण आज सगळं ठीक आहे असं तिला एक दिवस वाटलं नव्हतं. कापड वेळेवर येईल का, आलं तर रंग जुळेल का, रंग जुळला तर ऐन वेळी मशीन दगा देईल का, चौदा बायकांपैकी उद्या कोण दांडी मारेल. सकाळी दारात गाडी लावली की ती पंधरा मिनिटं आतच बसून राहायची. हात स्टिअरिंगवर आणि छातीत धडधड. कटिंग मास्तर काचेवर टकटक करून विचारायचे, "बाई, फोनवर आहात का?" ती बंद फोन कानाला लावून मान हलवायची.

"हिला काहीच कसं होत नाही?" तिनं एकदा नवऱ्याला विचारलं.

"होत असेल की. तुला दाखवायला येणार आहे का ती?"

"चेहऱ्यावर दिसतं ना माणसाच्या. नुसती लोण्यासारखी असते."

नवऱ्यानं वर्तमानपत्र आणखी उंच धरलं.

मग थोरलीनं नक्कल करून पाहिली. धाकटीसारखी पाण्याची निळी बाटली आणली. तिच्यासारखं पहाटे चालायला जाऊन पाहिलं, पण चालताना ती मनातल्या मनात मास्तरांशी भांडायची आणि घरी येईपर्यंत घामाघूम व्हायची. एक दिवस फोनही खणात टाकला. खणात फोन थरथरला. तिसऱ्या मिनिटाला तिनं खण ओढला. नवऱ्याचा फोन होता, 'जेवलीस का' हे विचारायला.

सगळ्यात जास्त तिला बुधवार खुपायचा. दर बुधवारी चारच्या सुमाराला धाकटी पर्स खांद्याला लावून खाली उतरायची, ती सहाला परतायची. कामाच्या भर वेळात! परत येताना चेहरा कसा धुतल्यासारखा. थोरलीनं आधी ब्युटी पार्लर धरलं, मग मैत्रिणी, मग सिनेमा. आपण आठ वर्षांत आजारी पडायलासुद्धा सुट्टी घेतली नाही, आणि ही बाई दर आठवड्याला दोन तास उडवते, तरी हिचं काम वाढतंच आहे. या विचारानं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

असंच चाललं असताना एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी अधिकाऱ्याचा थोरलीला फोन आला. ती त्यांचे गणवेश बरीच वर्षं शिवत होती.

"आमची नवी इमारत होतेय," ते म्हणाले. "सगळ्या चादरी आणि पडदे तुमच्या समोरच्या बाईंना द्यायचा विचार आहे. तुमच्याच जाऊबाई ना त्या? एवढं काम झेपेल का त्यांना?"

थोरलीनं समोर पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकटी जेवत होती.

"काम चांगलं आहे हो तिचं," थोरली म्हणाली. इथं थांबली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. "पण खरं सांगू का, ताण झेपत नाही तिला. मधेच गायब होते. बुधवारी चारनंतर तुम्ही फोन करून बघा, उचलणारच नाही."

"बरं झालं सांगितलंत," अधिकारी म्हणाले.

ती संध्याकाळ थोरलीची फार छान गेली. ती घरी गुणगुणत गेली, दोनदा वाढून घेऊन जेवली. धाकटीचं काम गेल्याची बातमी आठवडाभरानं मास्तरांनीच आणली. थोरलीनं "अरेरे" म्हटलं आणि कापडाचा तागा उलगडायला घेतला. टेबलावर तागा पसरता पसरता तिची बोटं बधिर झाली, कानशिलं तापली, श्वास आत जाईना. आपण आता मरतोय असं तिला अगदी स्वच्छ वाटलं. मास्तरांनी तिला कापडाच्या ढिगावरच निजवलं आणि नवऱ्याला बोलावलं.

हृदयात काहीही दोष निघाला नाही. डॉक्टरांनी कागद पुन्हा पुन्हा तपासले आणि मग एका काउन्सेलर बाईंचा पत्ता लिहून दिला. "हे मनाचं आहे. म्हणून खोटं आहे असं समजू नका," ते म्हणाले. वेळ मिळाली ती बुधवारची, पाचची.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. बाहेरच्या खोलीत चार खुर्च्या आणि भिंतीवर एक घड्याळ. थोरली आत शिरली, तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि धाकटी बाहेर आली. डोळे लाल, हातात रुमालाचा बोळा.

थोरलीच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर काळजी नाही, लाज नाही. इथंसुद्धा ही माझ्या आधी! धडधड मला आठ वर्षांची, आणि औषध शोधलं हिनं!

"ताई, तुम्ही?" धाकटी म्हणाली. "बरं केलंत आलात. या बाई चांगल्या आहेत. मी दोन वर्षं येतेय."

"दोन वर्षं? तुला काय झालंय?"

"सकाळी जिना चढायला पाय उचलत नव्हते माझे. खालच्या पायरीवर बसून रडायचे रोज. जेवण पोटात ठरत नव्हतं. या म्हणाल्या, एक वाजता जेवायचंच, भूक असो नसो, औषधासारखं." ती किंचित हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण आजची शेवटची खेप. मोठं काम गेलं ना, तिथं कुणीतरी सांगितलंय की हिला ताण झेपत नाही, बुधवारी गायब असते. माझ्या घरीही हे फक्त आमच्या यांना माहीत आहे. मग इथूनच कुठून तरी बाहेर गेलं असणार. बाई नाही म्हणतात, पण माझा विश्वास उडाला. येणं बंद."

तेवढ्यात थोरलीला आत बोलावलं.

आत ती पाऊण तास बोलली. सुरुवात धाकटीच्या डब्यापासून केली आणि खरेदी अधिकाऱ्याच्या फोनपर्यंत आली. बाईंनी मधे तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "हे मला सांगून धडधड कमी झाली?"

"नाही."

"मग कुणाला सांगायला हवं?"

"तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

"एकीचं दुसरीला मी सांगत नाही," बाई म्हणाल्या. "त्या तसं समजून बसल्या असल्या तरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लावून थोरली आत बसून राहिली नाही. बसले तर आयुष्यात उठणार नाही, हे तिला कळत होतं. ती सरळ रस्ता ओलांडून दुसऱ्या मजल्यावर गेली. इथं ती पहिल्यांदाच येत होती. उद्घाटनाच्या दिवशीसुद्धा तिनं डोकं दुखायचं निमित्त काढलं होतं.

धाकटी स्वतः मशीनवर बसली होती, पडद्याची लांब किनार दुमडत.

"दवाखान्यातून काही बाहेर गेलेलं नाही," थोरली उभ्यानंच म्हणाली. "तू कुठं जातेस हे मला माहीतही नव्हतं. पण तू बुधवारी गायब असतेस, हे हॉस्पिटलवाल्यांना सांगितलं मी."

मशीन थांबलं नाही. धाकटीनं किनार टोकापर्यंत नेली, दोरा तोडला, मग वर पाहिलं.

"का?"

थोरलीनं रस्ताभर बरीच उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. "तू जेवत होतीस," ती म्हणाली. "मला बघवलं नाही."

"खाली जा, ताई."

"अगं, ऐक तरी..."

"खाली जा. माझ्या बायका बघताहेत. मला यांच्यासमोर रडायचं नाहीये."

थोरली खाली उतरली आणि रस्त्यातच उभं राहून तिनं खरेदी अधिकाऱ्यांना फोन लावला. आपण जळफळाटातून बोललो, ती वेळेला पक्की आहे, हे तिनं सरळ शब्दांत सांगितलं. "बाई, हे ऐकून मला तुमच्याविषयीच विचार करावा लागेल," ते म्हणाले. चादरी दुसरीकडे गेल्याच होत्या. पडदे त्यांनी धाकटीकडे दिले. पुढच्या वर्षी थोरलीकडून डॉक्टरांच्या कोटांचं काम गेलं, फक्त नर्सचे गणवेश राहिले.

धाकटीनं दवाखाना सोडला नाही, बुधवारचा शुक्रवार मात्र करून घेतला. चार महिने ती थोरलीशी बोलली नाही. घरी सगळे जमले की "ताई, मीठ द्या," एवढंच. थोरली बुधवारी जात राहिली. काळजी करायला बाईंनी तिला रोज संध्याकाळचा अर्धा तास नेमून दिला होता. दिवसभरात काही सुचलं तर कागदावर लिहायचं आणि त्या वेळेसाठी राखून ठेवायचं. तिला आधी हसू आलं, "म्हणजे काळजीलासुद्धा अपॉइंटमेंट!" पण पाच-सहा आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं की संध्याकाळपर्यंत निम्म्या काळज्या शिळ्या झालेल्या असतात. धाकटीचं नाव मात्र कागदावर रोज असायचं. ते काही शिळं होत नव्हतं. टेबल फिरवून घेतलं, खिडकीकडे पाठ केली, तरीही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी फोन वाजला. धाकटी होती.

"ताई, पडदे आज पोचवायचेत आणि मला श्वास घेता येत नाहीये. बाई फोन उचलत नाहीत. आमच्या यांना सांगितलं तर घाबरतील. तुम्हाला कळेल म्हणून केला. दुसरं काही नाही."

"ठेवू नकोस फोन," थोरली म्हणाली. "बस कुठंतरी. पाय जमिनीला टेकव. टेकवलेस? आता तुला समोर काय काय दिसतंय ते एकेक सांग मला."

"टेबल," धाकटी धापा टाकत म्हणाली. "कात्री. पडद्यांचे गठ्ठे. दार."

"गठ्ठे किती आहेत?"

ती मोजू लागली. थोरली तिच्याबरोबर हळूहळू मोजत राहिली. सव्विसाव्या गठ्ठ्याला धाकटीचा आवाज सरळ झाला. तेव्हा फोनमध्ये तिच्या मागून घर्र असा आवाज आला, आणि थोरलीनं तो बरोबर ओळखला. विजेवर चालणारं कापड कापायचं मशीन. हिनं कधी घेतलं? आणि आपले मास्तर अजून कात्रीच चालवताहेत!

तिनं कागद ओढला, संध्याकाळसाठी 'कटिंग मशीन' एवढं लिहिलं आणि म्हणाली, "सत्तावीस. पुढं मोज."