नुसतं लक्ष ठेवणार

वेल्डरनं डॉक्टरला कॉलर धरून उचललं आणि औषधांच्या कपाटावर आदळलं. काचेचा चुरा झाला, भुवईतून रक्त चष्म्यावर ओघळलं, तरी गडी थांबेना. आधीच डोकं गरम, त्यात धाकट्या भावाच्या जिवाचा प्रश्न, मग काय विचारता. पुढचा ठोसा असा बसला की डॉक्टरचा दात वेल्डरच्याच बोटात रुतला.

“माझा भाऊ प्रयोगाचा उंदीर वाटला का तुला?” तो दात-ओठ खात म्हणाला. “नुसतं लक्ष ठेवणार म्हणे. मरेपर्यंत बघत बसणार होय रे?”

झालं होतं असं. धाकट्याच्या गुदाशयात कॅन्सरची गाठ होती. केमो आणि रेडिएशननं ती दिसेनाशी झाली आणि तिथंच या डॉक्टरचं संशोधन आडवं आलं. गाठ गेलेल्या अर्ध्या लोकांचा गुदाशय काढून पोटावर शौचाची कायमची पिशवी लावायची, बाकीच्यांना न कापता वरचेवर तपासत राहायचं आणि पुढे कोणाचं बरं चालतं ते बघायचं. कोण कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर चिठ्ठी काढल्यागत ठरवणार. आज धाकटा घरी येऊन म्हणाला, “दादा, माझं ऑपरेशन निघालं नाही.” वेल्डरनं भरलं ताट सरकवलं आणि त्याला गाडीवर घालून थेट इथं आणलं. वडील याच रोगानं गेले होते. भावाला तो असा जाऊ देणार नव्हता.

“ऑपरेशनच निघालं होतं,” डॉक्टर जमिनीवरून रक्त थुंकत म्हणाला. “यानंच नको म्हटलं. इथं कोणालाही कधीही नाही म्हणता येतं.”

वेल्डरची मूठ वरच राहिली. मग त्यानं वळून धाकट्याच्या अशी मुस्कटात भडकावली की तो स्टुलासकट आडवा झाला.

“माझ्याशी खोटं बोललास?”

धाकट्यानं फुटलेला ओठ पुसला. “बाबांची पिशवी कोण बदलायचं, दादा? ती गळली की अंथरूण कोण धुवायचं? तू नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन उभा राहायचास. आता घरात आपण दोघंच. माझं कोण करणार?”

हे खोटं असतं तर वेल्डरनं आणखी एक ठेवून दिली असती. पण शब्द न् शब्द खरा होता आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो काचांवरच गुडघे टेकून बसला.

“मी करीन,” तो म्हणाला. “बदलीन, धुवीन, सगळं करीन. तू शिकव मला. फक्त ऑपरेशन करून घे.”

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वडील गेल्यापासून तो याच बोलण्याची वाट बघत होता. तेवढ्यात दार ढकलून रखवालदार आत घुसले. त्यांनी वेल्डरला पालथा पाडला आणि त्याचे हात मागे पिरगाळले. बाहेर पोलिसांची गाडी येऊन थांबली होती.

“कधी शिकवू, दादा?” धाकटा म्हणाला. “तू तर चाललास आत.”