सांधे भरणारा सराटा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही ओळखणार नाही. माझी मूठ कधीच गेली आहे आणि पाते झिजून नखासारखे पातळ झाले आहे. मी एक जुना सराटा आहे. काही गावांत मला उलथणे म्हणतात. तव्यावरची पोळी उलटवायची, हे माझे मूळ काम. पण माझे थोडे आयुष्य चुलीपाशी गेले आणि बरेचसे अंगणात. मला सांगायचे आहे ते अंगणाचे.

कामठीच्या एका लोहाराने मला बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेतून, म्हणजे लोखंडी पट्टीतून, घडवले. तापवले, ठोकले, पाण्यात बुडवले. नागपूरच्या इंदोऱ्यातून आलेल्या एका बाईने बाजारात मला उचलले, माझ्या पात्यावर अंगठा फिरवला आणि लोहाराला विचारले, "हा वाकत तर नाही ना गा?"

"बाई, तू वाकशीन, पण हा नाही वाकणार," लोहार म्हणाला.

ती हसली आणि मला घरी घेऊन आली. तिचे नाव बायजाबाई. तिचे यजमान नत्थूजी कापडाच्या मिलमध्ये मागावर काम करत. भोंगा झाला की ते जात आणि दमून परत येत. मी त्यांच्या पोळ्या उलटवल्या, भाकरी उलटवल्या. पुढे माझी लाकडी मूठ जळून पडली. घरात नवा सराटा आला. मला कबाड्याला द्यायच्या डब्यात टाकले गेले. तिथे मी बरेच दिवस पडून होतो. आपले काम संपले असे मला वाटत होते.

आता अंगणाकडे येतो. छप्पन साली दसऱ्याला नत्थूजी आणि बायजाबाई यांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली. बायजाबाईचे माहेर पवनीकडचे. तिकडची माणसे त्या दिवशी पायी आली होती आणि या घरी उतरली होती. अंगणातली काळी माती पावसाने ओली होती. म्हातारी माणसेही रात्रभर उकिडवी बसून राहिली. बायजाबाईला ते फार लागले. दरवर्षी दसऱ्याला ही माणसे येणार, आणि त्यांना पाठ टेकायला कोरडी, सपाट जागा आपल्या घरी मिळालीच पाहिजे, असे तिने मनात धरले.

काही वर्षांनी एका इमारतीच्या कामातून उरलेल्या फरश्या मिळाल्या. त्यांच्या कडा सरळ नव्हत्या, म्हणून दोन फरश्यांमध्ये बोट जाईल एवढी फट राहिली. मिस्त्रीने सांधे सिमेंटने भरून दिले. पण आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एका पावसाळ्यात सिमेंट तडकले, फरश्या वरखाली झाल्या. बायजाबाईने ते सिमेंट खरवडून काढले आणि कन्हान नदीची रेती भरायचे ठरवले. रेती मातीबरोबर हलते, तडकत नाही. मिस्त्रीची थापी जाड, ती फटीत शिरेना. तिने इकडेतिकडे पाहिले आणि डब्यातून मला उचलले.

मित्रांनो, तो माझा दुसरा जन्म होता.

तिची रीत ऐका. रेती आधी जुन्या लुगड्यावर पसरून उन्हात वाळवायची. मग पिठाच्या चाळणीने चाळायची. खराट्याने फरशीवर आडवी लोटायची, म्हणजे ती आपोआप फटीत उतरते. मग माझ्या पात्याने खाली दाबायची. कपडे धुवायच्या मोगरीने फरशी हलकेच ठोकायची. वरून लोट्याने थोडे पाणी सोडायचे आणि तसेच राहू द्यायचे. दुसऱ्या दिवशी रेती खाली बसलेली असे. मग पुन्हा कोरडी रेती, पुन्हा मी, पुन्हा मोगरी. सांधा आणखी घेईनासा झाला की ती म्हणे, "बसला."

हे काम वर्षातून एकदा, पाऊस सरला की दसऱ्याच्या आधी. दसऱ्याला अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरून जाई. माणसे शिदोऱ्या सोडत, लेकरे निजत. पाठीला फरशी टोचली असे कोणी कधी म्हणाले नाही. मला भिंतीतल्या देवळीत ठेवलेले असे. तिथून मी ते सगळे पाहत असे आणि मला फार बरे वाटे.

नत्थूजींनी मात्र हे काम कधी पाहिले नाही. ते परत येत तोवर अंगण झाडून झालेले असे. फरशी एकदा बसवली की बसली, अशी त्यांची समजूत होती.

नत्थूजी मिलमधून निवृत्त झाले त्याच वर्षी, भर पावसाळ्यात बायजाबाई तापाने गेली.

घर चुप झाले. नत्थूजी उंबऱ्यावर बसून राहत. पावसाने सांधे धुऊन नेले. पाऊल पडले की फरश्या डुगडुगत. दसरा जवळ आला तेव्हा शेजारच्या सिंधूताई भाजी द्यायला आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "नत्थूभाऊ, दसऱ्याले लोकाइले कुठं झोपवता?"

"या वर्षी नाही. सांगून देतो त्याइले."

"काहून?"

"कोण करन त्याइचं? मले नाही जमत."

"सांगून द्या मग. पण ते काही तुमच्या घरी नव्हते येत. बायजाच्या अंगणात येत होते. दरवर्षी त्याइच्यासाठी सांध्यात रेती भरत होती ती. तिले विचारून घ्या."

सिंधूताई वाटी ठेवून गेल्या. नत्थूजी उंबऱ्यावरून उठले. त्यांनी घमेले घेतले आणि गल्लीच्या टोकाला पडलेल्या ढिगातून विचारून रेती आणली. पावसात भिजलेली, ओली रेती. शेजारून मिस्त्रीची थापी मागून आणली. ओळीने बसून त्यांनी सगळे सांधे भरले आणि वरून गुळगुळीत केले. अंगण नवे दिसू लागले. त्यांचे गुडघे दुखत होते, तरी चेहऱ्यावर जरा समाधान होते.

मित्रांनो, मी देवळीतून पाहत होतो. ओली रेती खाली उतरत नाही, तोंडाशीच अडकून बसते. मला हे माहीत होते. पण सराट्याला तोंड नसते.

ऊन पडले, रेती वाळली आणि फरश्या पुन्हा डुगडुगू लागल्या. नत्थूजींनी थापी बाजूला टाकली. त्याच दिवशी बायजाबाईची धाकटी बहीण भीमाबाई पवनीहून आली. दरवर्षी ती बहिणीला हातभार लावायला चार दिवस आधी येत असे.

"भीमा, तुम्ही सारे सिंधूताईकडं उतरा," नत्थूजी म्हणाले. "हे अंगण नाही बसत मायाच्यानं."

भीमाबाईने एक काडी सांध्यात खुपसली. वरचा थर फुटला आणि काडी खालपर्यंत गेली. "पाहा भाऊजी. वरून पापड, खाली पोकळ. ओली भरली ना?"

"रेती ते रेती. ती अशीच भरत होती ना वं?"

"तुम्ही कधी पाह्यलं?"

"मी पाळीवर राहत होतो."

"अन् रविवारी?"

"रविवारी झोपत होतो," नत्थूजी म्हणाले. भीमाबाई हसली, मग तेही थोडे हसले.

"बायजाबाईचा सराटा कुठं हाय?"

"चुलीपाशी."

"तो नाही जी. बिनमुठीचा."

नत्थूजींना मी ठाऊकच नव्हतो. भीमाबाईने देवळीत हात घालून मला काढले आणि त्यांच्या हातात दिले. बायजाबाईचा अंगठा जिथे टेकत असे तिथे माझ्या पात्यावर एक खोलगट जागा झाली आहे. नत्थूजींनी आपला अंगठा तिथे ठेवला. तो मोठा, त्यात मावला नाही. तरी त्यांनी तो काढला नाही.

भीमाबाईने एक सांधा भरून दाखवला आणि ती चुलीकडे गेली. बाकीचे नत्थूजींनी केले. बायकोच्या लुगड्यावर रेती वाळवली. चाळली. लोटली. मला दाबताना त्यांचा हात जड होता, मी एकदोनदा वाकलोही. दुसऱ्या दिवशी रेती खाली गेलेली पाहून ते हिरमुसले.

"भीमा, पुन्हा बसलं हे. किती वेळा भरायचं?"

"सांधा घेते तोवर भरायचं, भाऊजी," ती आतून म्हणाली.

ते पुन्हा बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही बसले. शेवटी सांधे घेईनासे झाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माणसे आली. बहुतेकांना बातमी कळली होती. ती हळू बोलत आत आली. पण एका लांबच्या गावच्या म्हातारीला काही कळले नव्हते. तिने डोक्यावरचे गाठोडे धरून चारी बाजूंना पाहिले. "बायजा दिसत नाही गा. कुठं गेली?"

भीमाबाई पुढे होऊ लागली. आतापर्यंत दर वेळी दुसऱ्याच कोणीतरी हे सांगितले होते. नत्थूजींनी तिला हाताने थांबवले.

"ती गेली, माय," ते म्हणाले. "पावसाळ्यात गेली. अंगण हाय. बसा."

म्हातारीने गाठोडे खाली ठेवले. फरशीवर बसली आणि शेजारची जागा हाताने पुसून म्हणाली, "तूही बस, बाबा." नत्थूजी बसले. फरशी हलली नाही. त्यांनी तोंडावर उपरणे घेतले आणि पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडले. म्हातारी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

मित्रांनो, मी आता फार झिजलो आहे. मला तुमच्याकडून एवढेच हवे आहे. तुमच्या घरात कोणी दरवर्षी, दररोज काहीतरी करत असेल, तर एका दुपारी त्याच्याजवळ जाऊन बसा. मदत केली नाही तरी चालेल. नुसते पाहा आणि विचारा, हे असे का करता? माणूस समोर असते तेव्हा ते आनंदाने सांगते.