पिवळ्या बोटाचा उजेड

फाल्गुनातले ऊन कृष्णाकाठी उतरते तेव्हा ते पांढरे राहत नाही. हळदीच्या राशींवरून घरंगळते, पोत्यांच्या थप्प्यांवर रेंगाळते, वाऱ्यावर उठलेल्या पीतधुळीत न्हाते आणि सांज होईतो साऱ्या गावाला हळद लागलेली असते. पिवळी अंगणे, पिवळे उंबरे, पिवळ्या पापण्या. गाईच्या पाठीवर थाप मारली तरी पिवळा धुरळा उडतो. परगावच्या माणसाला याचे अप्रूप. गावाला त्याचे काहीच वाटत नाही.

या सुवर्णवर्णी गावाच्या पोटात पेवे आहेत. वर एका माणसाला जेमतेम जाऊ देणारे तोंड, खाली दालनाएवढे पोट. मातीत कोरलेले, अंधाराने लिंपलेले, हळदीने भरलेले. पेव उघडले की लगेच उतरायचे नाही. कोंडलेली हवा माणूस मारते. तोंड उघडे टाकून वाट पाहायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तेवत राहिला तर माणूस उतरणार, विझला तर नाही. व्यापारी कितीही ताटकळत असो, कंदिलाच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही.

आणि उतरलेल्या माणसाने बोलत राहायचे, हा दुसरा नियम. काहीही बोला, पण बोला. बोलणे थांबले की वरच्यांनी दोरी ओढायची.

सिद्राम सव्वीस वर्षे उतरला आणि सव्वीस वर्षे बोलला. तो खर्जातला, मातीने जडावलेला, हळदीने माखलेला आवाज खालून वर येई: सासुरवाडीची टिंगल, अर्धीमुर्धी गाणी, कधी नसलेल्याच म्हशीचे कौतुक. पेवाच्या काठावर त्याची बायको कमळाक्का दोरीला हात लावून बसे आणि म्हणे, "हो." पुन्हा काही येई, पुन्हा ती म्हणे, "हो." दोघांचा संसार म्हणाल तर एवढाच. खालून बडबड, वरून हो.

मग त्या बडबडीच्या मुळावरच घाव आला. जिभेच्या डाव्या कडेला, जिथे तो तंबाखूची चिमूट दाबून ठेवायचा, तिथे एक व्रण उमलला. उमलला म्हणवत नाही खरे तर. पण दिसे तसाच, रक्तवर्ण, कडांनी कठीण, कधी न मिटणारा. तुकडा तपासायला गेला. कर्करोग निघाला.

शहरातल्या डॉक्टर तस्नीम मुजावर यांनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितले. अर्ध्याहून जास्त जीभ काढावी लागेल. नाहीतर एक नवे औषध आहे, अजून अभ्यासातले. ते रोगाच्या कडेपर्यंत पोचले, तर थोडक्यात भागेल.

"औषध अंगभर उधळायचं नाही, मामा. बारीक पोत्यांत भरायचं आणि नेमकं रोगाच्या दारात उतरवायचं. पोती एवढी लहान, की एका केसाच्या जाडीत शेकड्यांनी शेजारी शेजारी बसतील. रोगाची जागा आंबट असते. त्या आंबटपणातच पोत्याचं तोंड सुटतं."

पोत्यांची भाषा निघाल्यावर सिद्रामला ते पटायला कितीसा वेळ लागणार? त्याने तिथल्या तिथे होकार दिला.

रोज सकाळी जिभेच्या कडेला त्या औषधाचा एक पारदर्शक पापुद्रा चिकटवायचा, तासभर तोंड मिटून बसायचे. तासभर गप्प राहणे त्या माणसाला औषधाहून कडू गेले. आणि तोंडात दुसरे काही लावायचे नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

"काही न्हाई लावत, बाई," कमळाक्का म्हणाली, आणि ती अगदी मनापासून खरे बोलली.

आता काय म्हणावे या बाईला. रोज दिवेलागणीला ती तुपात कालवलेली हळद तर्जनीवर घेई आणि त्याच व्रणावर हलक्या हाताने फिरवी. तिच्या लेखी ते 'काही' नव्हतेच. तंबाखू म्हणजे काहीतरी, मिशरी म्हणजे काहीतरी, कुणा वैदूचा पाला म्हणजे काहीतरी. हळद कशी काहीतरी होईल? ती तर अंगाला जन्मापासूनच लागलेली. या गावातल्या कुठल्याही बाईने हेच केले असते.

एकविसाव्या दिवशी दवाखान्यातल्या तपासणीच्या खोलीचे पडदे ओढले गेले. औषधाच्या कणांना असा रंग बांधलेला होता, की निळ्या दिव्याखाली तो हिरवट-पिवळा उजळावा. जिथवर उजेड, तिथवर औषध. त्या नीलतमात, त्या कोंडल्या शांततेत सिद्रामने आ केला. आणि जीभ उजळली. कडेपासून मुळापर्यंत, व्रणाच्या प्रत्येक दरीतून, प्रत्येक कंगोऱ्यावरून तो हरितपीत प्रकाश वाहत होता.

"सगळीकडे पोचलंय," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा एरवी मोजका असलेला आवाजही क्षणभर उजळला. "मामा, गुरुवारी एवढासा तुकडा काढू. थोडक्यात भागलं तुमचं."

कमळाक्काने हात जोडायला उचलले आणि तिथेच थांबली. तिची तर्जनी पेटली होती. नखाच्या कडेला, पेरांच्या रेषांत, तोच हिरवट, तोच पिवळा, तोच उजेड. तिने हात पदराखाली घेतला. कुणाच्या लक्षात आले नाही.

तिथून पुढे तिला चैन म्हणून पडेना. बोट साबणाने धुतले, राखेने घासले, विटकरीच्या तुकड्याने खरवडले. पिवळेपण जाईना. चुलीपाशी बसली की उठे, उठली की दारात जाई, दारातून पुन्हा चुलीपाशी. ती शिकलेली नव्हती, पण खुळीही नव्हती. बोटाला कुठे औषध लागले होते? मग जिभेवरचा उजेड कुणाचा? औषधाचा, की तिचा?

सांगावे तर ती वाचलेली जीभ हातची जाणार, ती बडबड जाणार, पेवातून येणारा तो आवाज जाणार. न सांगावे तर उजेडाखाली काय दडले आहे कोण जाणे. रोग आत तसाच राहील आणि मग जीभच काय, माणूसच हातचा जाईल. तिला भीती वाटत होती. एवढी भीती तिला पेवाच्या काठावर कधी वाटली नव्हती. आणि अंगणात सिद्राम मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "थोडक्यात भागलं बघा." त्याचे ते बोलणे तिला ऐकवेना आणि ऐकल्याशिवाय राहवेना.

बुधवारी सकाळी शेजारच्या आळीतले एक पेव रिकामे करायचे होते. आदल्या दिवशी तोंड उघडले होते. कमळाक्काला दोरी धरायला बोलावले. सिद्राम नुसता बघायला म्हणून काठावर येऊन बसला. कंदील सोडला. खाली, खाली, अजून खाली. ज्योत थरथरली, निळी झाली आणि विझली.

"वाऱ्यानं विझला असंल," व्यापारी घड्याळात बघत म्हणाला. "पुन्हा पेटवून सोडा की. गाडी उभी हाय."

सिद्राम उठून उभा राहिला. जीभ जड होती, शब्द दुखत होते, तरी तो बोलला. "इझला म्हंजे इझला. आत वारा कुठनं येतोय? आज कुणी उतरायचं न्हाई."

कमळाक्काने दोरी खाली ठेवली. नवऱ्याचा हात धरला आणि थेट एसटी गाठली. वाटेत तो विचारत राहिला, ती पदराखाली बोट मुठीत धरून बसली.

"बाई, तो निळा दिवा लावा," ती डॉक्टरांना म्हणाली. दिवा लागला. पडद्याआडच्या त्या अंधारात तिने पदराखालून हात काढला आणि तर्जनी पुढे धरली. तीन माणसे त्या एका बोटाकडे बघत राहिली. तिने ते मागे घेतले नाही.

"कधीपासून लावताय?" डॉक्टरांनी विचारले.

"रोज. पयल्या दिसापास्नं."

डॉक्टर खुर्चीत बसल्या. रागावल्या नाहीत, रागवायचे ते बहुधा स्वतःवर रागावल्या. हळद अशी उजळते हे त्यांना ठाऊक होते. हळदीच्या गावातली माणसे समोर बसलेली, आणि त्यांनी हळदीचे नाव घेऊन विचारले नव्हते. गुरुवारची शस्त्रक्रिया त्यांनी खोडली. आठ दिवस हळद बंद, आमटीतसुद्धा. मग पुन्हा बघू, म्हणाल्या.

सिद्राम घर येईपर्यंत गप्प होता. औषधाचा तो तास सोडला, तर सव्वीस वर्षांत कमळाक्काने त्याचे गप्प असणे कधी ऐकले नव्हते.

"अवो, काय तरी बोला की," ती शेवटी म्हणाली.

"इझलेला कंदील तू झाकला असतास," तो सावकाश म्हणाला, "तर मी हसत हसत उतरलो असतो." मग म्हणाला, "सव्वीस वरसं नुसतं हो म्हणलीस. बोललीस ती एकदम येवढं बोललीस." तो हसला, आणि मग ती रडली. खूप वेळ रडली.

पिवळ्या गावातल्या त्या एका घरात आठ दिवस पांढरी आमटी शिजली. नवव्या दिवशी निळ्या दिव्याखाली जीभ पुन्हा उजळली, पण सगळी नाही. मागच्या बाजूला करंगळीएवढी एक पट्टी काळीच राहिली. हळदीचा उजेड ओसरल्यावर उघडी पडलेली, औषध न पोचलेली. पुढचा व्रण मात्र खरोखरच आक्रसला होता. डॉक्टरांनी ती पट्टी मोजली, पुन्हा मोजली. एवढ्याशा तुकड्याऐवजी जिभेचा तिसरा हिस्सा गेला. अर्ध्याहून जास्त जायची होती, ती तेवढ्यावर राहिली. सिद्राम वाचला.

पुन्हा फाल्गुन आला आहे. पुन्हा पीतधूळ उठली आहे, पुन्हा ऊन पोत्यांवर रेंगाळते आहे. पेव उघडले, कंदील सोडला, कंदील तेवत राहिला, आणि सिद्राम उतरला. त्याचे शब्द आता तोंडातल्या तोंडात अडखळतात; खालून आलेले वर कुणाला कळत नाहीत. म्हणून काठावरून कमळाक्का बोलते. न थांबता बोलते: त्याच्या बहिणीची टिंगल, अर्धेमुर्धे गाणे, नसलेल्या म्हशीचे दूध. एवढे बोलणे हिच्यात कुठे दडले होते कोण जाणे.

एक वाक्य संपते. ती थांबते. पिवळी तर्जनी दोरीवर घट्ट होते. खाली अंधार, अंधारात हळद, हळदीत तो.

"हं," खालून येते.

ती पुढचे सांगू लागते.